गुडघे फुटले तरी चालतील

...आणि वर आमचा विक्रीसाहेब मलाच म्हणतो, "मॅडम, पॅड बरोबर आहेत हो, तुमचे गुडघेच जरा चुकलेत!" चुकलेत? गुडघे? अहो, जन्मापासून तिथेच आहेत ते, मांडीच्या खाली नि पोटरीच्या वर! तुमचे कुणाचे याहून वेगळीकडे असतील तर हात वर करा!

तुम्हाला सांगते, मी डोंगरात चालवायच्या सायकलींच्या कारखान्यात चाचणीला आहे. चाचणी म्हणजे काय, तर ब्रेक, गिअर, हेल्मेट, जे काही नवीन बनेल ते लावायचं, घालायचं, नि कारखान्यामागच्या दगडधोंड्यांच्या टेकडीवरून स्वतःला खाली सोडून द्यायचं... आणि खाली पोचलं की, पोचलं तर, माल कसा आहे ते सांगायचं. लोक बसून पगार घेतात, मी पडून घेते!

तर ह्या विक्रीसाहेबाला झाला साक्षात्कार, की बायकासुद्धा सायकल चालवतात! लगेच गुडघ्याचे पॅड, "खास महिलांसाठी"! खास काय? तर पुरुषांचेच पॅड, एक माप लहान, रंग जांभळा. झालं! बाई म्हणजे काय, धुऊन आटलेला नि जांभळा पडलेला पुरुष!

बरं, घातले. पेडल मारायला लागले नि डावा पॅड निघाला प्रवासाला... खाली, खाली... वर ओढला, परत खाली. उतारावर दोन्ही हात हँडलला, आता काय दातांनी ओढू? तेवढ्यात पुढचं चाक घसरलं, सायकल एकीकडे, मी एकीकडे, नि गुडघा थेट खडीवर! पॅड कुठे? घोट्यावर! घोट्याला म्हणाल तर ओरखडा नाही. गुडघ्याची सालटं निघाली!

तशीच लंगडत गेले साहेबाकडे. म्हटलं, माल नापास. हा ताडकन उठला, "असं कसं? खोकी भरून तयार आहेत! घोटा वाचला ना? मग लिहा, घोट्याचं उत्तम संरक्षण! आणि रंगाबद्दल दोन बरे शब्द टाकून अहवालावर सही करा." म्हटलं, साहेब, गुडघे फुटले तरी चालतील, टेकणार नाही!

घरी आले तर दुसरी आघाडी... सासूबाई! "आलीस आपटून? लोकांच्या सुना ऑफिसातून घरी येतात, आमची दवाखान्यातून! बसून करायची नोकरी मिळत नाही का कुठे?" आणि आमचे हे? पेपरात तोंड घालून! आई नि बायको बोलत असल्या की मध्ये पडायचं नाही. घरात कधीच न पडणारा हा एकच माणूस! मी म्हटलं, सासूबाई, नोकरी सोडणार नाही आणि सहीही करणार नाही. गुडघे फुटले तरी चालतील...!

"ओरडू नकोस, पाय इकडे कर," म्हणाल्या. शिव्या चालूच, पण जखम धूत होत्या त्याच. धुता धुता हात थांबला. "हे असले पॅड पोरीबाळी घालणार?" म्हटलं, हो. मी सही केली तर. दोन्ही पॅड उचलून आपल्या कपाटात ठेवले. आमच्या सासूबाई, नि एक शिवी नाही! पहिल्यांदा भीती वाटली मला.

दुसऱ्या दिवशी साहेब घरी हजर. तब्येतीची विचारपूस म्हणे! हातात फुलं, फुलांच्या मागे अहवाल. "नुसती सही करा, मॅडम." मी तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढे. हातात ते जांभळे पॅड! "करेल की सही. आधी तुम्ही हे घाला."

"मी?... हॅ हॅ, आजी..."

"घाला म्हणते ना! आणि जिना चढून या."

चढला बिचारा! इस्त्रीच्या पॅन्टवर जांभळे पॅड, वर गेला, खाली आला, तोवर दोन्ही पॅड बुटांवर. सासूबाई म्हणाल्या, "छान. आता पडा."

"प... पडा म्हणजे?"

"म्हणजे गुडघ्यांवर पडा. माझी सून पडते, तुम्हाला काय धाड भरलीय?"

फरशीकडे बघतोय, पॅडकडे बघतोय, सासूबाईंकडे बघतोय... आणि बोलून गेला, "आजी, लागेल हो!"

"लागेल? मग लिहा की तसं!" पेन त्यांनीच पुढे केलं. आणि तुम्हाला खोटं वाटेल, आमच्या ह्यांनी पेपर बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या!

लिहिलं त्याने. खोकी परत उघडली. बायकांच्या पायांची मापं घेऊन पॅड नव्याने शिवले, वर रुंद पट्टा, आतून रबराची पकड. मी टेकडीवरून मुद्दाम पडले, परत चढले, परत पडले. पॅड जागचा हलला नाही! रंग? काळा! साहेबाच्या टेबलासमोर उभी राहून म्हटलं, बघा, गुडघे फुटले तरी चालतील, टेकणार नाही म्हटलं होतं ना?

पण तो साहेब काय कमी आहे? मालकांसमोर तोंडात साखर घेऊन म्हणाला, "मॅडमइतकी परखड चाचणी कुणी करत नाही. महिलांसाठी नवीन सीट काढतोय, तीही त्यांच्याकडेच देऊ या!"

काल दिवसभर तीच चाचणी केली हो. सीट नापास आहे.

...नको, नको, ती खुर्ची राहू द्या. मी अशीच उभी बरी आहे.