ताईचे केस आणि माझा ड्रायव्हर

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील संचालक मॅडम, माझे सहकारी आणि आज मुद्दाम आलेली माझी थोरली बहीण,

आधीच्या वक्त्यांनी इतकं कौतुक केलं, की सत्कारमूर्ती दुसरंच कुणी असावं असं वाटून मी दोनदा दाराकडे पाहिलं.

माझं काम काय? कर्नलसाठी ड्रायव्हर लिहिणं. माझे सासरे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत, "जावई लष्करात कर्नलसाहेबांची गाडी चालवतात." खरं तर कर्नल म्हणजे फोनच्या प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर म्हणजे एखाद्या भागाला त्या गाभ्याशी जोडून देणारा प्रोग्राम. मी जोडला तो एक सेन्सर. फोन कानाजवळ आला की तो ओळखतो, स्क्रीन बंद होतो आणि गालाने बटणं दाबली जात नाहीत.

सेन्सर डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडतो; समोरच्या वस्तूवर आपटून त्यातला किती परत आला की 'जवळ' म्हणायचं, तो आकडा मी स्वतःच्याच कानावर ठरवला. चाचणी विभागातल्या बाईंनी तक्रार नोंदवली, "काही जणांचा स्क्रीन बंद होत नाही." मी शेरा मारला, "माझा होतो," आणि तक्रार मिटवली. काय तो रुबाब!

तोच फोन मी ताईला भेट दिला होता. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारायला तिने चारदा फोन केला, चारही वेळा मधेच तुटला. मी उलट केला, तर उचलेना. ऑपरेशन तिने एकटीने पार पाडलं. मला शेजाऱ्यांकडून कळलं. तसाच धावत गेलो.

"तोंडावर फोन आपटतोस आणि आता आलास?"

"अगं, मी नाही आपटला!"

"मग काय मी आपटला?"

हो, तिनेच. म्हणजे तिच्या गालाने. मी फोन तिच्या कानाला लावून पाहिला, स्क्रीन लख्ख चालूच! काळेभोर दाट केस सेन्सरचा अदृश्य उजेड गिळून टाकतात. आणि माझं डोकं तर आपण पाहताच आहात.

"मोजायला तुला अख्ख्या जगात तुझंच टक्कल सापडलं?" ताई हसली, मग रडली. मीही.

दुसऱ्या दिवशी बाईंची माफी मागितली, चाळीस जणांच्या कानांवर मोजमाप केलं आणि दुरुस्ती पाठवली. गाभा सांभाळणाऱ्या गृहस्थांनी एकच विचारलं, "चूक दाखवली कुणी? दुरुस्तीखाली एकेका ओळीत त्यांची नावं लिहा." मी दोन नावं लिहिली. बाईंचं आणि ताईचं. माझ्या सगळ्या नोकरीत मी लिहिलेल्या ओळींपैकी याच दोन ओळींत काही चूक सापडलेली नाही.

आपण प्रेमाने ऐकलंत, मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द लागला असेल, तर तेवढं मोठ्या मनाने पोटात घाला.