मास्तरांना न दिलेलं मत

केरळमधल्या कुट्टनाडातल्या शाळेत माजी आमदार शंकुण्णी मास्तरांचं अंत्यदर्शन होतं. रांगेत गावातल्या तंकम्माच्या पुढे वासू आणि कुट्टप्पन, गावातलेच दोन म्हातारे, उभे होते. तिच्या कानावर सगळं पडत होतं.

"पाचही निवडणुकांत होडीच्या घाटावर पूल देतो म्हणाला," वासू कुरकुरला.

"दिला का?"

"कुठला. पण आमची होडी गाळात रुतली की कमरेचं मुंडू वर खोचून पहिला पाण्यात हाच."

"तू तर कधी मत दिलं नाहीस त्याला."

"आमचं घर पिढीजात लाल बावट्याचं. तरी बाप गेला तेव्हा सगळ्यांच्या आधी हा दारात. मतं मागायच्या सवयीनं प्रेतासमोर हात जोडले आणि म्हणाला, 'लक्ष असू द्या.'"

"अरे देवा. मग?"

"मग काय? बापानं जन्मात पहिल्यांदाच त्याला नकार दिला नाही."

कुट्टप्पन तोंडावर पंचा धरून हसला. रांग सरकली. वासू काचेच्या पेटीपाशी पोचला आणि तिथंच थबकला.

"चल की, मागे लोक खोळंबलेत."

वासूनं हात जोडले.

"मास्तर," तो पुटपुटला, "लक्ष असू द्या."