गाडीमागचा अँटेना

हळू, हळू बोल बाबू — आत झोपले आहेत ते. झोप म्हणजे काय, डुलकी, मधातच मोडते. हो, दिसला मले तो अँटेना, गेममधल्या गाडीच्या मागं बारीकसा, लुकलुकते तो. मले माहीत आहे कायचा आहे. तो लागलेला असला की गाडी रस्त्याच्या खाली उतरत नाही, वळण आलं की आपोआप वळते. तुले तर बरंच वाटलं असंन — सहा वर्षांची पोट्टी तुझी, ईरा, तिच्यासाठी विकत न्यायला आला तू हा गेम, तिले मदत चालू असलेलीच बरी. पण केवढ्यानं म्हटलं तू — "काकू, यात तर मदत चालू आहे!" — बस न प्रशिक, उठू नको. सगळे बटन दाबून पाह्य, तपासून घे, चहा ठेवला आहे मी. फक्त त्याचं नाव घेऊ नको. काहून म्हणजे? आमच्या ह्यायले माहीत नाही म्हणून.

तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं त्यायनं. मालगाड्या, कोळशाच्या, एवढ्या लांब की मागचा डबा दिसत नाही, आणि एक सिग्नल कधी चुकले नाही. मी चिडवत होती — तुमच्या इंजिनाले तर स्टेअरिंगच नाही जी, रूळ जिकडं नेईन तिकडं तुम्ही! हसत होते. ओवी आमची लहान होती तवा टीव्हीले लावायचा कॅसेटवाला गेम आणला होता, त्यातही अशीच छोट्या छोट्या गाड्यायची शर्यत. तवा बूढ़ापारा मोहल्ल्यात भाड्यानं राहत होतो आम्ही. ड्युटीवरून आले की वर्दीतच खाली सतरंजीवर बसत. कुठं गाडी घसरवायची, कुठं उडी घ्यायची, सगळं पाठ. मी एकदाही जिंकली नाही, एकदाही नाही — बायको आहे म्हणून कधी मुद्दाम हरले नाही ते. म्हणे, ज्योती, शर्यतीत दया करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आता हे वाक्य मले रोज आठवते. पण थांब, तेच सांगून राहिली मी.

मागच्या दिवाळीत ओवीनं पुण्याहून हा नवा आणला. यात रस्त्यात डबे लटकते, पाह्यले ना? डबा फोडला की काही ना काही भेटते, आणि जो सगळ्यात मागं असंन त्याले सगळ्यात मोठं — वीज भेटते, रॉकेट भेटते. आणि पहिल्या नंबरच्या मागं तो गोळा लागते, शोधत शोधत जाते आणि बरोबर त्यालेच उडवते. भडकले हे. हा काय खेळ आहे, हा तर जुगार आहे, म्हणे, ज्यानं मेहनत केली त्यालेच मारते. मी म्हटलं, मले तर आवडला बा, मागं राहिलेल्याले कोणी काही तरी देते यात, बाहेर कोण देते? हे भांडण आमचं लग्नापासूनचं आहे — ते म्हणे हातात पाहिजे, मी म्हणे नशिबात पाहिजे. दाळ खारट झाली तरी ते हात म्हणत, मी नशीब म्हणत होती.

पण हातच गेला ना. दोन वर्षं झाले, उजवा हात कापायला लागला. कंपवात, डॉक्टर म्हणे. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धी दाळ सदऱ्यावर. स्कूटरची चाबी मी तांदळाच्या डब्यात लपवून ठेवली — त्यायले समजलं, मागितली नाही. आणि या गेममध्ये एक पूल आहे, बिना कठड्याचा, खाली पाणी. हरेक वेळी तिथंच पडत. पडलं की वरून कोणीतरी उचलून आणते, रस्त्यावर ठेवून देते, तोवर बाकीचे पुढं. एक दिवस सात वेळा पडले. माझ्या हातात मेथी होती, निवडणं सोडून पाहत बसली मी. फेकला-बिकला नाही त्यायनं गेम, बाजूले ठेवला नीट, आणि म्हणे, "ज्योती, आता माझ्या हातात काहीच राहिलं नाही." तीस वर्षांत असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं रे. स्वयंपाकघरात गेली आणि नळ सुरू करून रडली.

दुसऱ्या दिवशी ओवीले फोन केला. तिनं सांगतलं, आई, उस में एक सेटिंग है — मराठी समजते सगळं, बोलते हिंदीच — इथं दाब, तिथं जा, हे लाव, बस. ते आंघोळीले गेले होते, तेवढ्यात लावून टाकलं मी. "बाबा को बता देना हं," म्हणे. सांगते, म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तिनं — बता दिया? बता दिया, म्हटलं.

काय सांगू बाबू, त्यायले पाह्यलं असतं तू! पुलावरून गाडी निघाली सरळ, पडलीच नाही. पाचवे आले, मग तिसरे, आणि संक्रांतीच्या दिवशी पहिले. कोणी तिळगूळ द्यायले आलं की आधी गेम दाखवत. डायरीत वेळ लिहून ठेवत, ड्युटीचे टाइम लिहीत तसेच. गोळा लागून हरले तर म्हणे, ते नशीब. जिंकले तर म्हणे, हा हात. डॉक्टरले जाऊन सांगतलं, तुमच्या औषधानं फरक पडून राहिला. मीही मुंडी हलवली डॉक्टरसमोर — हव, पडून राहिला. एकदा खेळता खेळता म्हणे, "ज्योती, गाडी कशी रुळावर चालल्यासारखी चालून राहिली पाह्य." तवा सांगायला पाहिजे होतं. तोंडाशी आलं होतं माझ्या. पण चेहरा त्यायचा... तू नवरा आहे कोणाचा तरी, तुले समजंन.

मग फागुनात स्कूटरची चाबी मागितली. उरला गावाले हरिदासकडे जाऊन येतो म्हणे, जुना दोस्त, त्याचं घर त्या ट्रकच्या रोडवर. मी म्हटलं, रिक्षा करा. म्हणे, काहून? पाह्यलं नाही तू चार महिने, हात किती साफ चालून राहिला? आता काय म्हणू मी? नाही म्हणायचं तर सगळंच सांगा लागते. मी उठली, तांदळाच्या डब्यात हात घातला आणि चाबी दिली. हाच हात. पिशवीत पाण्याची बाटली पण ठेवून दिली वरून.

खुबा मोडला, मनगट मोडलं. तीन महिने झाले खाटेवर. मनगटाचं प्लास्टर मागच्या हप्त्यात निघालं. ते म्हणते, कुत्रं आडवं आलं, नशीब खराब. दवाखान्यात सगळे म्हणे, नशीब चांगलं, मागून ट्रक नव्हता. ओवी म्हणे, नशीब. पाह्य न, जन्मभर मी नशीब नशीब करत होती, आणि आता सगळे म्हणून राहिले तर मले ऐकवत नाही. कारण मी गेली होती तिथं. चप्पल राहिली होती त्यायची एक, ती आणायच्या निमित्तानं गेली. तिथं टपरी आहे चहाची, तो भैया म्हणे — कुत्ता-वुत्ता कुछ नहीं था दीदी, मोड़ था, अंकल मुड़े ही नहीं। सीधे चले गए।

वळलेच नाही. चार महिने गाडी आपोआप वळत होती ना त्यायची.

हे कोणालेच नाही सांगतलं मी. ओवीले नाही. तुले काहून सांगून राहिली, काय माहीत, तू त्या अँटेनाचं नाव घेतलं म्हणून. ते तर खुश आहेत अजून — म्हणते, देऊन टाक गेम कोणाच्या लेकराले, पण सांगजो त्याले, निळकंठरावनं यावर पहिला नंबर काढला होता, कापत्या हातानं. तेवढंच उरलं आहे त्यायच्याजवळ. ते नेऊ काय मी? नको ना नेऊ? तू सांग. सांग न बाबू —

काय जी? हो, आला आहे प्रशिक, बीरगांवचा तो, गेम न्यायला... काय? ... हव, ऐकलं.

जाग आली त्यायले. म्हणते, जायच्या आधी एक शर्यत खेळून दाखवतो त्याले, घेऊन ये आत. पूल कसा पार करायचा ते पोरीले सांगजो म्हणते.

असा नको पाहू माझ्याकडं.

आण इकडं. नाही, तूच धर, आणि ती मदत बंद कर. हो, बंदच. ओवीनं लावायचं शिकवलं मले, काढायचं नाही शिकवलं. पडले तर पडू दे, त्या पाण्यात पडून काही होत नाही, उचलून ठेवते तिथं. पण सांगतल्याशिवाय नाही देणार मी आता हातात. आधी सांगीन... झालं? गाडी दाखव. मागं पाह्य नीट. गेला ना? गेला.

आता तू जा प्रशिक. नाही, आज विकायचा नाही, पुढचं मी फोन करून सांगीन. ईराले म्हणजो, काकूनं सॉरी म्हटलं. चहा राहिला तुझा, राहू दे. दार हळू लाव.

आली जी, आली. नाही, तो गेला. एकटीच येऊन राहिली मी.