वैशालीचा हिरवा ब्लाउजपीस

ऐका ना, यंदा ऑफिसच्या ख्रिसमसले चमकीचा कागद बंद होता. घरात असेल त्यातच गिफ्ट बांधायचं. मी पेपरात बांधलं. वैशालीनं हिरव्यागार ब्लाउजपीसमध्ये. झालं! साहेबही म्हणे, "वा वैशाली, काय डोकं लावलं!"

दरवर्षी तिचंच कौतुक. माह्या पोटात दुखून राहिलं होतं. तेवढ्यात पीसच्या कोपऱ्यावरचा शाईचा डाग दिसला अन् मी ओरडलीच, "अवं, हा तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मीच तुले दिला होता!"

आता कौतुक आपलं होते म्हणून मी सगळ्यांकडे पाहिलं. तर मागच्या टेबलावरच्या कुंदाताई हळूच म्हणाल्या, "काहून वं, मी तुले मायेनं दिलेला पीस तू हिले देऊन टाकला?"