अण्णांची चाल

कॅसेटचं नावच काढू नका माझ्यापुढं. जुन्या जालन्यात आमच्या शेजारी अण्णा होते, रिटायर मास्तर. रद्दीत त्यांना एका इटालियन संगीतकाराच्या ऑपेरांवरचं इंग्रजी पुस्तक मिळाल्तं. त्यांची बायको, आमच्या काकू, अंथरुणाला खिळल्या, तसे अण्णा उशाशी बसून त्यातल्या गोष्टी मराठीत सांगायचे. गाणं आलं की आपल्या भजनी चालीत स्वतःच म्हणायचे. खरी चाल त्यांनी कधी ऐकलीच न्हाई.

काकू म्हणायच्या, "ती नायिका मरताना गाती, ते म्हणा की पुन्हा."

काकू गेल्या. मंग मी औरंगाबादहून त्याच ऑपेराची कॅसेट आणली. वाटलं, अण्णा खूश होतील. तेच मरतानाचं गाणं लावलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. एकदम म्हणाले,

"बंद कर बाबा. हिला म्हणायचो ती चाल पुसली जाऊन राह्यली."