शांता इंग्लंडात हरवली तेव्हा

हसू नका रे, त्या दिवशी माझी पार गाळण उडाली होती. आम्ही लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, एका खेड्यात. दुपारी जरा डोळा लागला आणि उठून बघतो तर आमची शांता घरात नाही! मोबाईल ओट्यावर, लेक कामावर, आणि हिला इंग्रजीचा गंध नाही. घरं सगळी एकसारखी, ही परत येणार कशी? मी दारोदार विचारत सुटलो.

शेवटी चर्चशेजारच्या हॉलमध्ये डोकावलो. गावातली म्हातारी माणसं जुन्या आठवणी सांगायला जमली होती. शांता एका आजीबाईचा हात धरून बसलेली, दोघींचे डोळे ओले.

"अगं, काय झालं? कोणी बोललं का तुला?"

"न्हाई वो." तिनं टेबलावरचा जुना फोटो दाखवला. पाण्यातून चर्चचा नुसता मनोरा वर आलेला. "माझ्या माहेरावानी हिचंबी गाव धरनात गेलंय. इचारा तिला, उन्हाळ्यात दिसतं का?"

मी विचारलं. आजीबाईनं मान हलवली. तो मनोराही नंतर पाडला, आता काहीच दिसत नाही म्हणाली.

शांतानं आजीबाईचा हात थोपटला. मग म्हणाली, "तिला राहुरीला बोलवा. आमचं देऊळ मे महिन्यात वर येतं."