हरलेल्यानं न्यायचा पट

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील तहसीलदारसाहेब, आजचे सत्कारमूर्ती चंद्रप्पा मास्तर आणि समस्त जिंतूरकर बंधुभगिनींनो,

मास्तरांच्या नोकरीबद्दल आधीच्या वक्त्यांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही. मी इंग्रजीचा मास्तर, तेव्हा त्यांना आलेल्या एका इंग्रजी पत्राबद्दल बोलतो. मास्तर, असे डोळे वटारू नका, परवानगी तुम्हीच दिलीत.

मास्तरांच्या मातोश्री नागुबाई. त्यांच्याकडे कापडावर रंगवलेला मोक्षपट होता. कवड्या टाकायच्या. दयेच्या घरात पडलात तर शिडी, गर्वाच्या घरात साप, आणि सगळ्यात वर कैलास. श्रावणी सोमवारी सारी आळी खेळायला जमायची. रीत अशी, की हरेल त्यानं पट घरी न्यायचा आणि पुढच्या सोमवारी आणून मांडायचा. हरलेला माणूस रुसून घरी बसू नये, एवढ्यासाठी ही रीत.

सव्वीस साली कापसाच्या पाहणीला एक गोरा साहेब आला. मास्तर त्याचे दुभाषे. साहेबाला खेळायची हौस आली. गर्वाच्या सापानं त्याला तीनदा गिळलं, लोक पोट धरून हसले. साहेब हरला. मास्तर हळूच म्हणाले, "आई, देऊ नको." नागुबाई कडाडल्या, "हरलाय त्यो. गोरा हाय म्हणून काय रीत बदलायची? पुढल्या सोमवारी आणंल की!"

मंडळी, बत्तीस वर्षं झाली.

साहेबानं तो पट विलायतेतल्या एका संग्रहालयाला स्वतःच्या नावानं भेट दिला. हे शोधायलाच मास्तरांची दहा वर्षं गेली. निजामाच्या राज्यात उर्दूतून अर्ज केले. पोलीस ॲक्शन झाली, वाटलं, आता आपलं राज्य. हैदराबादेला लिहिलं, तर उत्तर येईतो आपला जिल्हाच मुंबई राज्यात गेला. मुंबईनं कळवलं, दिल्लीला लिहा. दिल्ली अजून गप्प आहे.

गेल्या वर्षी मी शहाणपणा केला. औरंगाबादहून छापील सापशिडी आणली, आपल्याच पटावरून विलायतेनं पोरांसाठी केलेली. नागुबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. "गुर्जी, ह्यात दया कुठं हाय?" मी म्हटलं, आजी, ह्यात नुसते आकडे आहेत. "मग साप कशापायी चावायलाय?" अठरा वर्षं शिकवतोय, पण त्या दिवशी सापशिडीची घडी घातली आणि घरची वाट धरली.

शेवटी मास्तरांनी थेट संग्रहालयालाच लिहिलं, आणि परवा त्याचं पत्र आलं. मास्तरांना इंग्रजी उत्तम येतं, तरी म्हणाले, "तुम्ही वाचा, माझं काही चुकत असेल." त्यांचं चुकलं नव्हतं. पट परत देता येत नाही. आपण अवश्य यावं, काचेतून पाहावा. मंगळवार ते रविवार. सोमवारी बंद.

सभा संपल्यावर आपण सगळे मास्तरांना घरी पोचवायला जाणार आहोत. आज श्रावणी सोमवार. नागुबाईंनी सकाळीच घोंगडी अंथरून कवड्या काढून ठेवल्यात. विलायतेहून पत्र आल्याचं त्यांना कळलंय, ते साहेबाचंच असं त्या धरून चालल्यात, आणि तो कोणत्या सोमवारी येणार एवढंच त्यांना विचारायचंय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलताना तोल गेला असेल तर थोर मनानं पोटात घाला. फक्त एक विनंती. दारात पाऊल टाकताना मला कुणी पुढं करू नका.